आजोबांची व्हिजिटची बॅग कडक झालीये, तेल लावू का?

मीनल_वाई
वाईच्या घराचा माळा रिकामा करायला घेतलाय. त्यात आजोबांची डॉक्टरी बॅग निघाली. वरून तोंड उघडणारी, पितळी खटक्याची, गडद तपकिरी. १९५० च्या आगेमागे मुंबईत शिकत असताना घेतलेली. आजोबा गेल्यापासून ती पत्र्याखालच्या माळ्यावरच होती.

अवस्था अशी: चामडं वाळून कडक, घडीवर बारीक भेगा, एका बाजूला पांढरट बुरशीचे ठिपके, मुठीची शिवण उसवलेली. खटक्याभोवती हिरवं, मेणासारखं काहीतरी साचलंय.

घरात तीन मतं. आई: खोबरेल. दादा: बूट पॉलिश. शेजारचे काका: आठवडाभर कडक उन्हात टाक. मला ती नवी करून मिरवायची नाहीये. कपाटात नीट राहावी आणि कधीमधी उघडता यावी, बास. जुनं चामडं ज्यांनी हाताळलंय त्यांनी सांगा.

सदाशिव_पेठी
एरंडेल. विषय संपला.

खारीबिस्किट
विषय संपला म्हणे! मराठी संस्थळावर "तेल कोणतं" असा प्रश्न आणि विषय संपला? रुमाल टाकून ठेवते.

रानजाई
मीनल, खोबरेल नको गं. मामाच्या कॅमेऱ्याला चामडी कव्हर होतं, आजी त्याला दर दिवाळीला खोबरेल चोपडायची. पुण्याच्या थंडीत त्यावर पांढरी साय धरायची. सगळे बुरशी समजून पुसायचे आणि मार्चमध्ये ती आपोआप नाहीशी व्हायची. खोबरेल चोविसेक अंशांच्या खाली गोठतं, एवढंच ते गूढ. पण पुढे खवट वास सुटला आणि त्या वासावर झुरळं आली. कव्हरचे कोपरे कुरतडले ते झुरळांनी, काळाने नव्हे.

लेगस्टंप
मग जवसाचं लावा. बॅटला लावतो तेच. आमच्या क्लबात पॅडच्या पट्ट्यांनाही तेच लावायचे.

चर्मचक्षू
लेगस्टंप, बॅट लाकडाची असते हो. जवसाचं तेल हवेने सुकून घट्ट होतं, म्हणून ते लाकडाला आणि तैलरंगांना चालतं. चामड्यात मुरून सुकलं की चामडं पापडासारखं होतं आणि ते तेल परत काढता येत नाही. जवस पूर्ण बाद.

मीनलताई, मी वस्तूंच्या जतनाच्या क्षेत्रात काम करतो, मुख्यतः कागद आणि पुस्तकांची बांधणी, त्यामुळे चामड्याशी रोजचा संबंध. तेलाचं नाव ठरवण्याआधी चार गोष्टी बघून सांगा.

एक, कुठेतरी कापलेली कड उघडी असेल, मुठीच्या टोकाशी किंवा पट्ट्याच्या भोकापाशी. तिथे चामड्याचा आतला रंग कोणता? आरपार तपकिरी की मधे निळसर-राखाडी?

दोन, पांढरा रुमाल हलक्या हाताने फिरवा. लालसर भुकटी येते का? कुठल्या भागावर?

तीन, पृष्ठभाग उघडा आहे की वर रंगाचा थर आहे. तळाशी, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. शोषला जाऊन डाग गडद झाला तर उघडं, थेंब तसाच बसून राहिला तर वर थर आहे. पण भुकटी येत असेल त्या जागी पाण्याचा थेंबही नको. का ते नंतर सांगतो.

चार, अस्तर चामड्याला चिकटवलंय की सुटं आहे.

तोवर उन्हात ठेवू नका. काकांना चहा द्या आणि विषय बदला.

खारीबिस्किट
चर्मचक्षू हा आयडी तुम्ही याच धाग्यासाठी घेतला होता ना, खरं सांगा.

चर्मचक्षू
नाही, पण आज सार्थकी लागला.

कापशीकर
नमस्कार ताई. मी कागल तालुक्यातला, आमच्या घरात पायताणं करायचं काम आज्ज्यापासून हाय. तेलाला एवढं भ्यायचं कारण मला कळंना. नवं कापशी पायताण, म्हंजे आमच्याकडची कोल्हापुरी चप्पल, आणलं की पहिल्यांदा त्याला तेल दाखवायचं, रातभर मुरू द्यायचं, मग पायात घालायचं. न्हाईतर अंगठा आणि पट्टा चावतोय. एरंडेल किंवा करंजेल, दोन्ही चालतं. करंजेलाला वास उग्र हाय पण किडा-मुंगी फिरकत न्हाई. माझा आजा विहिरीतनं पाणी काढायच्या चामडी मोटेच्या सोंडेला पण करंजेलच लावायचा. ती मोट रोज पाण्यात बुडायची आणि वर्षानुवर्षं टिकायची.

आमचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यात पकवलेलं असतंय. कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची, वरनं सालीचं पाणी भरायचं, ते झिरपत झिरपत कातडं पकतं. असलं चामडं तेल पितंच. त्याला तेल न्हाई दिलं तर ते मरतं, असं आमच्यात म्हणत्यात.

सदाशिव_पेठी
बघा. एरंडेल.

घोडेस्वार_मावळा
कापशीकर यांना +१, पण थोडं वेगळं. मी घोड्यांच्या तबेल्यात काम केलंय, खोगीर आणि लगाम साफ करण्यात बरीच सकाळ जायची. तिथे नीट्सफूट तेल वापरतात. गायी-बैलांच्या नळ्या आणि खुरांच्या हाडांपासून काढलेलं असतं, थंडीतही पातळ राहतं, आत लवकर शिरतं. पण हात आवरता घ्यावा लागतो. जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होऊन ताणतं. रिकिबीचा पट्टा एका बाजूला बोटभर लांब झाला की घोड्यावर बसणाऱ्याला लगेच कळतं. सॅडल सोपचंही तसंच. साबण अल्कधर्मी, चामडं मुळात आम्लधर्मी. रोज घाम खाणाऱ्या खोगिराला ठीक, पन्नास वर्षं न हललेल्या बॅगेला कशाला?

खारीबिस्किट
खुरांचं तेल चातुर्मासात चालतं का? आईला विचारून सांगते.

रानजाई
बॅग चामड्याची आहे हे आईला आधी सांग.

अभिजित_मि
माझ्याकडे जुन्या पुस्तकांच्या निगेवरचं एक इंग्रजी टिपण आहे. त्यात ब्रिटिश म्युझियमचं मिश्रण दिलंय: लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ), मधमाशीचं मेण आणि सीडरवुडचं तेल, हे सगळं हेक्झेन या द्रावकात. इतक्या मोठ्या संग्रहालयाने वापरलेलं म्हणजे खात्रीचं असणार. हेक्झेन सोडून बाकी सगळं ऑनलाइन मिळेल.

चर्मचक्षू
अभिजित, ते मिश्रण खरंच प्रसिद्ध होतं आणि अनेक ग्रंथालयांनी कपाटंच्या कपाटं त्याने पुसून काढली. आता संग्रहालयं ठरावीक काळाने चामड्याला काही चोपडत नाहीत. कारण त्या थरावर धूळ बसते, स्निग्धपणा वर येऊन पांढरा फुलोरा धरतो, कडा काळवंडतात, आणि मूळ रोग असतो तिथेच राहतो. हेक्झेन घरात तर अजिबात नको. ते भडकतं आणि त्याच्या वाफा मज्जातंतूंना घातक असतात.

कापशीकर, तुमचं म्हणणं पायताणासाठी शंभर टक्के बरोबर आहे. पण पायताण रोज वाकतं, घाम खातं, चालताना त्याचं तेल सगळीकडे पसरतं आणि पाचेक वर्षांनी आपण दुसरं घेतो. ही बॅग वाकणार नाही आणि तिला अजून पन्नास वर्षं राहायचंय. हे दोन वेगळे खटले आहेत.

कापशीकर
पाच वर्षं? माझ्या बापाचं पायताण माझ्या लग्नात मी घातलंय सर. तळ बदलला दोनदा, वरचं तेच.

चर्मचक्षू
शब्द मागे घेतो, दंडवत.

लेगस्टंप
कोल्हापुरीचा विषय निघालाच आहे तर, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये दाखवलेल्या त्या कोल्हापुरीसारख्या चपलांना तेल कोणतं लावायचं?

कापशीकर
त्यांना तेल नको, भौगोलिक मानांकनाचा कागद वाचायला द्या. २०१९ ला मिळालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आठ जिल्ह्यांची नावं हायत, मिलानचं न्हाई.

खारीबिस्किट
टाळ्या.

मीनल_वाई
किती पटापट उत्तरं! सगळ्यांचे आभार. बघितलं ते असं:

मुठीच्या टोकाला कड दिसते, आरपार तपकिरी, निळं काही नाही. रुमाल फिरवला तर बाजूच्या भागांवर नुसती धूळ. पण मूठ आणि वरच्या झाकणाच्या घडीवर विटकरी भुकटी आली, बोटांच्या ठशांत बसली, दोनदा हात धुतले तेव्हा गेली. तिथे वरची साल पत्र्याच्या पोपड्यासारखी उचलली गेलीय. तळाशी पाण्याचा थेंब ठेवला, अर्ध्या मिनिटात शोषला आणि डाग पडला (सुकल्यावर बराच फिका झाला). अस्तर खाली चिकटलेलं, बाजूंना सुटं.

भुकटी म्हणजे वाळवी का?

चर्मचक्षू
वाळवी नाही. याला रेड रॉट म्हणतात आणि याचसाठी मी पाण्याच्या थेंबाला घाबरत होतो. सविस्तर लिहितो.

झाडपाल्याच्या टॅनिनने, म्हणजे सालीतल्या-फळातल्या तुरट द्रव्याने, कमावलेल्या चामड्याला हा आजार होतो. कड आरपार तपकिरी आहे म्हणजे तुमची बॅग त्याच जातीची. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या चामड्याची कड बहुधा निळसर-राखाडी दिसते. हवेतला सल्फर डायऑक्साइड, जो कोळशाच्या धुरातून आणि पूर्वी गॅसच्या दिव्यांतून भरपूर यायचा, चामड्यात शोषला जातो आणि तिथे त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. ते आम्ल कोलॅजेनचे तंतू तोडत जातं. कोलॅजेन म्हणजे चामड्याचा सांगाडाच. तंतूच तुटले की उरते ती लाल भुकटी. सगळी टॅनिनं सारखी नसतात. बाभूळ किंवा तरवडाच्या सालीतली एका जातीची, हिरड्यातली दुसऱ्या जातीची. सालीच्या जातीची चामडी या आजाराला लवकर बळी पडतात. हिरड्याची त्या मानाने तग धरतात. कापशीकरांच्या घरात साल आणि हिरडा दोन्ही वापरतात हे म्हणून मला फार आवडलं.

आता मुद्दा. हा आजार उलटवता येत नाही. तेल कोरडेपणावर आहे, तुटलेल्या तंतूंवर नाही. भुकटी सुटणाऱ्या जागी तेल किंवा पाणी लागलं की चामडं काळं पडतं आणि सुकल्यावर आधीपेक्षा कडक होतं. लोक म्हणतात "छान रंग उजळला", तो उजळलेला नसतो, जळलेला असतो.

त्या भागांना घट्टपणा देण्यासाठी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज वापरतात, बाजारात क्लुसेल जी नावाने येतं. पाण्यात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून, शेकडा एक-दोन इतकं पातळ. मऊ ब्रशने लावलं की अल्कोहोल उडून जातं, भुकटी जागच्या जागी बसते. चामड्याला ताकद येत नाही, पण हात लाल होत नाहीत आणि पुढची झीज कमी होते. चकाकी आली तर समजा जाड लावलं.

बाजूच्या, भुकटी न येणाऱ्या भागांवर मात्र कापशीकर आणि पेठी यांचं थोडंसं ऐकायला हरकत नाही. त्यावर नंतर.

सदाशिव_पेठी
थोडंसं?

अभिजित_मि
मग मोट क्रोमची का नव्हती? ती रोज पाण्यात असायची.

चर्मचक्षू
मजा म्हणजे तसा प्रयत्न झाला होता. १९०३ च्या सुमारास मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमने चामडं कमावायचे प्रयोग सुरू केले, त्यात विहिरीवरच्या मोटेचं चामडं होतंच. पाण्यात सालीचं टॅनिन हळूहळू धुतलं जातं, क्रोम टिकून राहतं.

नॉर्थम्प्टनची_सून
उशिरा आले. इथे गावाचीच ओळख बुटांची, त्यामुळे चामड्याबद्दल बोलणारे शेजारी भरपूर. इथली अडचण तुमच्या उलट आहे. हिवाळ्यात हीटर चालू असला की घरातली हवा इतकी सुकते की पट्टे आपोआप तडकतात. सासूबाईंनी सांगितलेला एकच नियम: चामडं रेडिएटरजवळ कधीही सुकवायचं नाही, ओलं तर अजिबातच नाही. जुनं ओलं चामडं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार कमी उष्णतेत आकसतं आणि ते परत सरळ होत नाही. वाईच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय होत असेल ते तूच बघ मीनल.

दत्तू_मास्तर
थोडं अवांतर. आमच्या घरी पूजेच्या खोलीत पणजोबांचं मृगाजिन आहे. केस झडायला लागलेत. त्याला काय लावावं? बॅगेचंच औषध चालेल का?

घोडेस्वार_मावळा
मास्तर, मृगाजिनाला आधी वकील लावा. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर जवळ बाळगणंच अडचणीचं, आणि तुम्ही ते इथे जाहीर लिहिलंत.

दत्तू_मास्तर
माझ्या प्रतिसादात मृगाजिन हा शब्द चुकून पडला. चटई असे वाचावे.

खारीबिस्किट
😂😂 संपादकांनी हा प्रतिसाद जपून ठेवावा.

चर्मचक्षू
हसून झालं. मीनलताई, क्रमाने.

बुरशी: बॅग गॅलरीत न्या, तोंडाला मास्क, मऊ सुक्या ब्रशने ठिपके घराबाहेरच्या दिशेने झटका. घरात झटकाल तर बीजाणू कपाटभर होतील. मग निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी, त्यात कापूस जेमतेम ओला करून फक्त घट्ट भागावर हलकेच. आधी तळाशी रंग सुटतो का बघा. भुकटीच्या भागाला सुका ब्रशच. नंतर सावलीत, वारा लागेल अशी उघडी ठेवा. कापूर, डांबरगोळ्या यांनी बुरशी मरत नाही, फक्त वास बदलतो.

हिरवं मेण: जुन्या तेला-चरबीतली आम्लं पितळातल्या तांब्याशी संयोग पावून तो साबणासारखा पदार्थ होतो. म्हणजे आजोबांनी किंवा कंपाउंडरने कधीतरी भरपूर तेल लावलं होतं. काडेपेटीची काडी चपटी करून अलगद खरवडा, मऊ असतं, निघतं. ब्रासो वगैरे चामड्याशेजारी नको, खाली झिरपून पांढरं बसतं.

तेल: बाजूच्या घट्ट भागांना, बुरशी पूर्ण गेल्यावरच. बुरशीला स्निग्धपणा फार प्रिय.

कापशीकर
तेलाचं मी सांगतो. एरंडेल घट्ट असतंय, बाटली कोमट पाण्यात ठेवा, तेल आचेवर नको. सुती फडक्याच्या घडीला थेंबभर लावायचं, फडकं दुसऱ्या फडक्यावर पुसायचं, मग चामड्यावर फिरवायचं. हाताला तेल लागलंय असं वाटलं तर जास्त झालं. अस्तर सुटं हाय तिथं आतनं, मासाच्या बाजूनं लावा, चामडं तिकडनं लवकर पितं आणि वर डाग दिसत न्हाई. दुसऱ्या दिवशी बघायचं, वाकवायचं न्हाई. मऊ वाटलं तर थांबायचं. हाव करायची न्हाई.

आणि शिवण. मशीनवर देऊ नका. मशीन नवी भोकं पाडतं, जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पडली की मूठ तिथनंच तुटून हातात येती. आरीनं जुन्याच भोकातनं, मेण लावलेला दोरा, दोन सुया समोरासमोर. आमच्याकडं येणं झालं तर मी करतो, पैशाचं बघू.

चर्मचक्षू
शिवणीबाबत पूर्ण सहमत. फक्त मुठीला भुकटी येतेय, तिला लगेच टाका सहन होणार नाही. आधी क्लुसेल, तरीही मूठ फक्त दिसायला. बॅग नेहमी तळातून दोन्ही हातांनी उचलायची.

रोहन_ठाणे
सगळं वाचलं, छान धागा. माझ्या चामड्याच्या सोफ्याची साल निघतेय, काळे पापुद्रे कपड्यांना चिकटतात. २०१९ ला घेतला, दुकानदाराने "जेन्युइन लेदर" सांगितलं होतं. एरंडेल लावू?

घोडेस्वार_मावळा
पापुद्र्याखाली जाळीदार कापड दिसतं का?

रोहन_ठाणे
हो.

घोडेस्वार_मावळा
मग ते चामडं नव्हे, कापडावर चढवलेलं पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिक). आपल्या दमट हवेत तो थर आपोआप विरतो. त्याला जगातलं कुठलंही तेल नको, कव्हर शिवा.

सदाशिव_पेठी
रेक्झिनला एरंडेल लावू नये, हे मलाही मान्य आहे.

मीनल_वाई
काल बसून केलं. बुरशी झटकली, हिरवं मेण काडीने काढलं (वाटीच्या तळाला पसरेल इतकं निघालं!), बाजूंना आतून एरंडेल, कापशीकरांच्या मापाने. चामडं आज दाबलं की जरा दबतं, कालपर्यंत लाकूड होतं. मूठ आणि झाकण तसंच ठेवलंय, क्लुसेल मागवलंय.

दोन प्रश्न. ठेवायची कशी? आणि या धाग्यातल्या कुणालाच पटलं नाही तरी आईला एकदा ती रंगवून हवीये, झाकण फार फिकट दिसतं म्हणून.

नॉर्थम्प्टनची_सून
माळ्यावर नाही. खालच्या खोलीतलं आतल्या भिंतीचं कपाट, बाहेरच्या भिंतीचं नको, पावसात ती भिंत पाझरते. प्लास्टिकच्या पिशवीत नको. जुनी धुतलेली मलमल गुंडाळ. आत वर्तमानपत्र कोंबू नकोस, शाई आणि आम्ल दोन्ही लागतं, त्यापेक्षा सुती कापडाच्या सैल गुंडाळ्या कर म्हणजे आकार राहील.

चर्मचक्षू
हजार रुपयांच्या आत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. वाईला जुलैत ते शक्य नाही, पण ६५ च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर बुरशी परत येणार. तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की वाळवून परत.

रंग: भुकटीवर बूट पॉलिश किंवा रंग घासला की भुकटीच निघून येते आणि चट्टे पडतात. क्लुसेलने झाकण थोडं गडद दिसेलच, आईंना आधी ते दाखवा. त्यानंतरही हवंच असेल तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतन केंद्र आहे, तिथे विचारून बघा, घरी नको.

मीनल_वाई
आई म्हणते क्लुसेलपर्यंत थांबते. कापशीकर, दिवाळीनंतर कोल्हापूरला येणं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दोरा मी आणू की तुमच्याकडे असतो?

कापशीकर
दोरा हाय, मेण हाय. बॅग तेवढी मांडीवर घेऊन या, डिकीत टाकू नका.